कनेक्शन पूल वारंवार संपतो तेव्हा: पूल मोठा करण्याआधी काय तपासावे

कनेक्शन पूल म्हणजे डेटाबेसशी आधीच जोडून ठेवलेल्या आणि विनंत्यांनी आळीपाळीने वापरायच्या कनेक्शनांचा मर्यादित साठा. डेटाबेसवर चालणाऱ्या वेब सेवांमध्ये पुन्हा पुन्हा उद्भवणारा एक दोष असा असतो: सेवा काही तास, कधी काही दिवस, नीट चालते, मग उत्तरे मंदावतात, ठरावीक वेळ थांबून विनंत्या नापास होऊ लागतात आणि लॉगमध्ये डेटाबेसचे कनेक्शन मिळाले नाही अशा आशयाच्या ओळींची रांग लागते. अ‍ॅप्लिकेशन रीस्टार्ट केले की सर्व सुरळीत होते, आणि काही काळाने तेच पुन्हा घडते. रीस्टार्ट केल्याने दोष दूर होत नाही, फक्त त्याचा पुरावा पुसला जातो. हा दोष वर्षानुवर्षे टिकून राहण्याचे मुख्य कारण हेच आहे. दुसरे कारण म्हणजे पूलचा आकार दुप्पट करण्याचा मोह. त्याने बहुतेक वेळा दोष थोडा पुढे ढकलला जातो, आणि पुढच्या वेळी तो अ‍ॅप्लिकेशनऐवजी थेट डेटाबेस सर्व्हरवर येऊन आदळतो.

सर्वप्रथम तक्रार नेमकी कोण करत आहे ते पाहावे. कनेक्शन संपल्याचे संदेश दोन ठिकाणांहून येतात आणि त्यांचा अर्थ वेगळा असतो. पहिला संदेश अ‍ॅप्लिकेशनच्या आतल्या पूलचा असतो. जावामधील हिकारी पूल ‘कनेक्शन इज नॉट अव्हेलेबल, रिक्वेस्ट टाइम्ड आउट आफ्टर’ असे म्हणून पुढे मिलिसेकंदांचा आकडा देतो, जो मुळात (म्हणजे वेगळे काही न ठरवल्यास) ३०,००० च्या आसपास असतो. पायथनमधील एसक्यूएलअल्केमी ‘क्यूपूल लिमिट ऑफ साइझ ५ ओव्हरफ्लो १० रीच्ड’ असे सांगते. या संदेशांचा अर्थ एवढाच, की या एका प्रोसेसला (चालू असलेल्या प्रोग्रॅमला) दिलेली कनेक्शने सगळी कोणाकडे तरी गेलेली आहेत. डेटाबेस त्या वेळी अगदी निवांत असू शकतो. दुसरा संदेश खुद्द सर्व्हरचा असतो: पोस्टग्रेस ‘सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी’ असे म्हणून ५३३०० हा त्रुटी-संकेत देतो, तर मायएसक्यूएल १०४० या क्रमांकासह ‘टू मेनी कनेक्शन्स’ म्हणतो. येथे सर्व अ‍ॅप्लिकेशनांची, त्यांच्या एकाच वेळी चालणाऱ्या सर्व प्रतींची आणि कोणीतरी उघडे ठेवलेल्या व्यवस्थापन-साधनांची बेरीज मर्यादेपलीकडे गेलेली असते. पोस्टग्रेसची मूळ मर्यादा १०० आणि मायएसक्यूएलची १५१ आहे.

काही साधने संदेशच देत नाहीत, आणि तो प्रकार जास्त त्रासदायक असतो. नोडसाठीच्या पोस्टग्रेस लायब्ररीमध्ये पूलकडून कनेक्शन मिळवण्याची कालमर्यादा मुळात शून्य, म्हणजे अमर्याद असते. पूल संपला की विनंत्या लॉगमध्ये एक अक्षरही न उमटवता लटकून राहतात. गो भाषेच्या मानक लायब्ररीत उघड्या कनेक्शनांच्या संख्येलाच मुळात मर्यादा नसते, त्यामुळे तेथे पूल संपण्याचा प्रश्न येत नाही आणि पहिली तक्रार थेट सर्व्हरकडून येते. अशी साधने वापरत असल्यास पुढचे काहीही शोधण्याआधी या दोन मर्यादा घालून घ्याव्यात, नाहीतर लक्षण पकडणेच कठीण जाते.

आणखी एक गोष्ट आरंभीच स्पष्ट असलेली बरी. त्रुटीसोबत येणारा स्टॅक ट्रेस (त्या क्षणी कोडचा कोणता मार्ग चालू होता याची यादी) हा ज्याला कनेक्शन मिळाले नाही त्याचा असतो. ज्याने ते अडवून ठेवले आहे त्याचा नव्हे. ग्रंथालयात पुस्तक न मिळालेला वाचक तक्रार नोंदवतो, पण पुस्तक ज्याने महिनाभर परत केलेले नाही त्याचे नाव त्या तक्रारीत नसते. त्रुटी बहुतेकदा सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या पानावरच दिसते, कारण कनेक्शन मागायला तेच सर्वाधिक वेळा येते, आणि मग त्या निर्दोष पानाचा कोड तपासण्यात सगळा वेळ जातो.

रीस्टार्ट करण्याआधी

सेवा बंद पडलेली असताना रीस्टार्ट टाळता येत नाही हे खरे. परंतु त्याआधी दोन मिनिटे काढून दोन गोष्टी जतन कराव्यात. एक म्हणजे अ‍ॅप्लिकेशनचा थ्रेड डंप, म्हणजे त्यातील प्रत्येक थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी एक) त्या क्षणी कोठे थांबला आहे याची नोंद, आणि दुसरी म्हणजे डेटाबेसच्या दृष्टीने त्या क्षणी कोणते कनेक्शन काय करत आहे याची यादी. पोस्टग्रेसमध्ये ही यादी ‘पीजी स्टॅट अ‍ॅक्टिव्हिटी’ या व्ह्यूमधून मिळते. त्यातील अवस्था, अवस्था शेवटची कधी बदलली ती वेळ, ट्रान्झॅक्शन (एकत्रच पूर्ण वा रद्द होणारा आदेशांचा गट) सुरू झाल्याची वेळ, कशाची वाट पाहिली जात आहे ते दाखवणारा स्तंभ, क्लायंटचा पत्ता आणि क्वेरीचा (डेटाबेसला दिलेल्या आदेशाचा) मजकूर एवढे स्तंभ पुरेसे आहेत. मर्यादा पूर्ण भरलेली असताना आत शिरायचे कसे, हा प्रश्न येथे येतो. पोस्टग्रेस सुपरयूझरसाठी (सर्वाधिकार असलेल्या खात्यासाठी) मुळात ३ जागा राखून ठेवतो, त्यामुळे ती खिडकी उघडी असते; मात्र अ‍ॅप्लिकेशनच सुपरयूझर म्हणून लॉगिन करत असेल तर ते त्या राखीव जागाही गिळून टाकते आणि व्यवस्थापकाला बाहेरच थांबावे लागते. अ‍ॅप्लिकेशनला सुपरयूझरचे खाते न देण्याची सुरक्षेपलीकडची जी कारणे आहेत, त्यांतले हे एक ठळक कारण. मायएसक्यूएल पुरेसे अधिकार असलेल्या व्यवस्थापकासाठी मर्यादेव्यतिरिक्त एक जागा ठेवतो.

यादी हाती आली की अवस्थेचा स्तंभ बरेच काही सांगतो. बहुतेक कनेक्शने ‘अ‍ॅक्टिव्ह’ असून बराच वेळ तशीच असतील, तर क्वेरी तरी संथ आहेत किंवा त्या एखाद्या लॉकसाठी, म्हणजे दुसऱ्या ट्रान्झॅक्शनने अडवलेल्या माहितीसाठी, थांबल्या आहेत. प्रतीक्षेच्या स्तंभात ‘लॉक’ दिसत असेल तर ‘पीजी ब्लॉकिंग पिड्स’ या फंक्शनने मूळ अडवणारा सापडतो. अनेकदा तो एकच असतो आणि बाकी सारे त्याच्यामागे रांगेत उभे असतात. बहुतेक कनेक्शने ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ असतील, तर डेटाबेसने आपले काम केव्हाच संपवले आहे, ट्रान्झॅक्शन उघडे ठेवून अ‍ॅप्लिकेशन दुसरेच काही करत बसले आहे. आणि सगळी नुसती ‘आयडल’ असूनही अ‍ॅप्लिकेशनचा पूल रिकामा असेल, तर गळतीचा संशय बळावतो: कोडने कनेक्शन घेतले, काम केले आणि ते परत दिलेच नाही.

येथे एक उपयुक्त बारकावा आहे. कनेक्शन निष्क्रिय असले तरी क्वेरीच्या स्तंभात त्यावर चाललेली शेवटची क्वेरी दिसत राहते. त्यामुळे तासाभरापासून निष्क्रिय असलेल्या वीस कनेक्शनांवर शेवटची क्वेरी एकच असेल, तर गळतीची जागा शोधण्याचे काम जवळजवळ संपलेले असते. ती क्वेरी कोडमध्ये शोधावी आणि तिच्यानंतर लगेच काय घडते ते वाचावे. मायएसक्यूएलच्या प्रोसेस-यादीत मात्र निष्क्रिय कनेक्शने सरसकट ‘स्लीप’ म्हणून दिसतात, ट्रान्झॅक्शन उघडे आहे की नाही ते त्यावरून कळत नाही. त्यासाठी इनोडीबीच्या (मायएसक्यूएलच्या साठवण-यंत्रणेच्या) ट्रान्झॅक्शनांचे वेगळे कोष्टक पाहावे लागते.

गळती

गळतीचा कोड सहसा सरळ वाटेवर निर्दोष असतो. कनेक्शन घेतले, क्वेरी चालवली, कनेक्शन बंद केले. चाचण्याही उत्तीर्ण होतात. दोष असतो तो आडवाटेवर: मध्येच एक्सेप्शन (काम तोडणारी त्रुटी) आले, किंवा एखादी अट पूर्ण न झाल्याने फंक्शन लवकर परतले, तर बंद करण्याची ओळ चालतच नाही. म्हणूनच गळती नियमित वेळाने होत नाही. चुकीची माहिती भरणारा वापरकर्ता जितक्या वेळा येईल तितक्या वेळा एकेक कनेक्शन कमी होते, आणि दहाचा पूल संपायला कधी एक दिवस लागतो तर कधी आठवडा.

उपाय भाषेनेच दिलेला आहे आणि तो न वापरण्याला आता सबब नाही. जावामध्ये सातव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०११ पासून, ‘ट्राय विथ रिसोर्सेस’ आहे. सीशार्पमध्ये ‘यूझिंग’, पायथनमध्ये ‘विथ’, गोमध्ये ‘डिफर’ आहे. नोडमध्ये कनेक्शन स्वतः मागून घेतले असेल तर ते परत करण्याची ओळ ‘फायनली’मध्येच असावी, एकच क्वेरी चालवायची असेल तर पूलवरच थेट क्वेरी चालवावी, म्हणजे परत करण्याची जबाबदारी लायब्ररीकडे राहते. गोमध्ये एक खास खाच आहे: निकालाच्या ओळी शेवटपर्यंत वाचल्या तर त्या आपोआप बंद होतात, परंतु पहिली ओळ मिळताच फंक्शनमधून परतल्यास त्या उघड्या राहतात आणि त्यांच्यासोबत कनेक्शनही अडकते. पायथनमध्ये गोंधळ वेगळ्या प्रकारचा होतो. विसरलेले कनेक्शन स्मृतिसफाईत सापडले की एसक्यूएलअल्केमी ते सहसा पूलमध्ये परत आणते. त्यामुळे गळती कधी दिसते, कधी आपोआप भरून निघाल्यासारखी वाटते, आणि कोड बरोबर असल्याचा खोटा दिलासा मिळतो.

जागा सापडत नसेल तर हिकारीमधील गळतीशोधाची मर्यादा चालू करावी. ती मुळात शून्य, म्हणजे बंद असते, आणि तिचे किमान मूल्य २,००० मिलिसेकंद आहे. दिलेल्या वेळेपेक्षा जास्त काळ कनेक्शन बाहेर राहिले, की ते कोणी घेतले होते त्याचा स्टॅक ट्रेस लॉगमध्ये येतो. आधी म्हटल्याप्रमाणे मूळ त्रुटीत नेमके हेच नाव नसते. मात्र ही सोय कनेक्शन हिसकावून परत आणत नाही, केवळ सूचना देते. काही वेळाने त्याच कनेक्शनबद्दल ‘अनलीक्ड’ असा संदेश आला, तर ती गळती नव्हती, तर रेंगाळलेले काम होते, आणि तपासाची दिशा बदलायला हवी.

रेंगाळलेली कनेक्शने

माझ्या मते गळतीपेक्षा हे कारण अधिक वेळा आढळते आणि कमी वेळा ओळखले जाते, कारण कोडमध्ये चूक म्हणावे असे काही दिसत नाही. प्रत्येक कनेक्शन परत येते. फक्त उशिरा येते.

यामागचे गणित साधे आहे. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला रांगांचा नियम सांगतो, की एखाद्या व्यवस्थेत सरासरी किती जण आत असतात ते येण्याचा वेग आणि आत राहण्याचा वेळ यांच्या गुणाकाराइतके असते. सेकंदाला ४० विनंत्या येत असतील आणि प्रत्येक विनंती कनेक्शन ५० मिलिसेकंद धरून ठेवत असेल, तर सरासरी दोनच कनेक्शने वापरात असतात. दहाचा पूल ऐसपैस वाटतो. आता त्या ट्रान्झॅक्शनच्या आत कोणीतरी बाहेरच्या सेवेला हाक मारली आहे, मग ती ईमेल पाठवण्याची असो वा पैसे भरण्याची, आणि ती सेवा एका दुपारी दोन सेकंद घेऊ लागली असे समजा. त्याच ४० विनंत्यांना आता ८० कनेक्शने लागतात. रहदारी वाढलेली नाही, कोड बदललेला नाही, डेटाबेसवर भार नाही, तरीही पूल पाहता पाहता संपतो. अशा वेळी पूल दहाचा वीस केल्याने काय साधणार? बाहेरची सेवा पूर्ववत झाली की सर्व काही ठीक होते आणि श्रेय मात्र पूल वाढवणाऱ्याला किंवा रीस्टार्ट करणाऱ्याला मिळते.

दुरुस्ती ही मांडणीची आहे. आवश्यक ती माहिती वाचावी, ट्रान्झॅक्शन संपवावे, बाहेरची हाक मारावी, आणि निकाल नोंदवण्यासाठी दुसरे छोटे ट्रान्झॅक्शन उघडावे. यात मधल्या अवस्थेची नोंद ठेवावी लागते, हाक यशस्वी होऊन नोंद फसली तर काय करायचे तेही ठरवावे लागते, आणि हे काम कंटाळवाणे आहे हे मान्य; परंतु दूरच्या सेवेचा टाइमआउट आपल्या डेटाबेसच्या लॉकशी बांधून ठेवण्यापेक्षा ते निश्चितच बरे. फाइल तयार करणे, चित्राचा आकार बदलणे, मोठे उत्तर संथ क्लायंटकडे ओळीओळीने पाठवणे, या गोष्टींनाही हाच न्याय लागू होतो.

स्प्रिंग बूट ही जावाची चौकट वापरणाऱ्यांनी ‘ओपन इन व्ह्यू’ ही सोय आवर्जून तपासावी. जेपीए (डेटाबेसच्या ओळी जावा ऑब्जेक्ट म्हणून हाताळण्याची पद्धत) असलेल्या वेब अ‍ॅप्लिकेशनमध्ये ती मुळात चालू असते, आणि तशी ती आहे याचा इशारा अ‍ॅप्लिकेशन सुरू होताना लॉगमध्ये येतो, जो बहुतेक जण वाचत नाहीत. ती चालू असताना पहिल्या क्वेरीला घेतलेले कनेक्शन उत्तर पूर्ण तयार होईपर्यंत धरून ठेवले जाऊ शकते, मग ट्रान्झॅक्शन कितीही छोटे का असेना. ती बंद केल्यावर काही ठिकाणी नंतर भरले जाणारे संबंध (गरज पडेल तेव्हाच डेटाबेसमधून आणली जाणारी जोडलेली माहिती) वाचताना एक्सेप्शन येतील. ती ठिकाणे दुरुस्त करणे हा तोटा नव्हे, कारण तेथे पान दाखवताना नकळत क्वेरी चालत होत्या.

संरक्षक जाळे म्हणून पोस्टग्रेसमध्ये ट्रान्झॅक्शन उघडे ठेवून निष्क्रिय बसलेले सत्र तोडण्याची कालमर्यादा घालता येते. ही सोय ९.६ आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ पासून आहे, आणि मुळात बंद असते. ती चालू करण्याला आणखी एक कारण आहे: दीर्घकाळ उघडे राहिलेले ट्रान्झॅक्शन व्हॅक्यूमला (पोस्टग्रेसच्या सफाई-प्रक्रियेला) मृत ओळी साफ करू देत नाही, कोष्टके फुगतात, क्वेरी मंदावतात, आणि त्यामुळे कनेक्शने आणखी वेळ धरली जातात. मर्यादा आधी सैल ठेवावी, उदाहरणार्थ काही मिनिटांची, आणि लॉगमध्ये कोण तुटते ते पाहून घट्ट करावी.

स्वतःचीच वाट पाहणे

एक प्रकार कमी आढळतो, पण आढळतो तेव्हा फार बुचकळ्यात टाकतो. एखादे काम एक कनेक्शन हातात असतानाच दुसरे मागते. ऑडिटची नोंद स्वतंत्र ट्रान्झॅक्शनमध्ये करण्याची पद्धत हे नेहमीचे उदाहरण. पूल दहाचा आहे आणि एकाच क्षणी दहा थ्रेड्सनी आपापले पहिले कनेक्शन घेतले, की दहाही जण दुसऱ्याची वाट पाहत बसतात आणि ते कोणाकडूनच सुटत नाही. डेटाबेसला यात डेडलॉक (एकमेकांची वाट पाहत अडकणे) दिसत नाही, कारण तो डेटाबेसमध्ये नाहीच. लक्षण असे: सर्व्हरचा सीपीयू जवळजवळ रिकामा, सर्व कनेक्शने ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’, आणि बरोबर तीस सेकंदांनी साऱ्या विनंत्या एकाच वेळी नापास. थ्रेड डंपमध्ये सगळे थ्रेड पूलच्याच दाराशी उभे दिसतात. हे टाळण्यासाठी पूलचा किमान आकार काढण्याचे सूत्र आहे: थ्रेडची कमाल संख्या गुणिले एका थ्रेडला लागणाऱ्या कनेक्शनांहून एक कमी, अधिक एक. दहा थ्रेड आणि प्रत्येकी दोन कनेक्शने असतील तर अकरा. पूल वाढवणे हा खरा उपाय ठरणारी ही एक जागा आहे, तरी आतली मागणी काढून टाकणे केव्हाही श्रेयस्कर.

बेरीज

तक्रार सर्व्हरची असेल आणि ती नव्या आवृत्तीच्या डिप्लॉयच्या वेळीच येत असेल, तर कोड न वाचता आधी गुणाकार करावा. हिकारीचा पूल मुळात दहाचा असतो आणि किमान निष्क्रिय कनेक्शनांची संख्याही वेगळी न सांगितल्यास तितकीच धरली जाते, म्हणजे काम असो वा नसो, प्रत्येक प्रत दहा कनेक्शने उघडून बसते. सहा प्रती म्हणजे साठ. डिप्लॉय होताना जुन्या सहा आणि नव्या सहा काही काळ एकत्र चालल्या तर एकशेवीस. पोस्टग्रेसच्या शंभरातून राखीव तीन वजा केल्यास उरतात सत्त्याण्णव. पायथनमध्ये प्रत्येक वर्कर प्रोसेसचा पूल स्वतंत्र असतो, हे अनेकदा विसरले जाते. पाच अधिक दहा अशा मूळ मर्यादेचे चार वर्कर एका यंत्रावरच साठपर्यंत जाऊ शकतात.

पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शन ही सर्व्हरवरची एक स्वतंत्र प्रोसेस असते, त्यामुळे मर्यादा हजारांवर नेणे हा सोपा दिसणारा पण महाग उपाय आहे. शिवाय ती बदलायला सर्व्हर रीस्टार्ट करावा लागतो. एकाच वेळी खरोखर काम करणाऱ्या कनेक्शनांसाठी पोस्टग्रेसच्या वर्तुळात प्रचलित असलेला ठोकताळा प्रोसेसरच्या गाभ्यांची दुप्पट अधिक डिस्कची संख्या असा आहे: आठ गाभे आणि एक डिस्क असेल तर सतरा. आधुनिक डिस्कवर तो तंतोतंत लागू पडत नाही, पण शेकड्याने कनेक्शने उघडणाऱ्याला थांबवायला पुरेसा आहे.

प्रती खरोखरच फार असतील तर मध्ये पीजीबाउन्सर (अनेक क्लायंटांना थोडी सर्व्हर-कनेक्शने वाटून देणारा मध्यस्थ) बसवावा, परंतु त्याची मूळ पद्धत सत्रनिहाय आहे आणि तिच्यात क्लायंट जोडलेला असेपर्यंत सर्व्हरचे कनेक्शन अडकून राहते. लाभ हवा असेल तर ट्रान्झॅक्शननिहाय पद्धत निवडावी लागते. त्या पद्धतीत सत्रावर अवलंबून असलेल्या गोष्टी, जसे सत्रापुरत्या सेटिंग्ज, सत्रस्तरीय अ‍ॅडव्हायझरी लॉक आणि ‘लिसन’ (सूचना ऐकण्याचा आदेश), भरवशाच्या राहत नाहीत. प्रोटोकॉलस्तरावरील प्रिपेअर्ड स्टेटमेंट्स (आधी तयार करून पुन्हा वापरायच्या क्वेरी) २०२३ मधील १.२१ आवृत्तीपासून चालतात. उघडे विसरलेले ट्रान्झॅक्शन मात्र पीजीबाउन्सरही सोडवू शकत नाही.

‘सर्व्हरने कनेक्शन बंद केले’ किंवा ‘ब्रोकन पाइप’ अशा त्रुटी हा वेगळा दोष आहे, त्याची येथे गल्लत करू नये. तेथे पूलमधले निष्क्रिय कनेक्शन मधल्या फायरवॉलने किंवा मायएसक्यूएलच्या २८,८०० सेकंदांच्या मर्यादेने तोडलेले असते. पूलमधील कनेक्शनचे कमाल आयुष्य त्याहून कमी ठेवले की तो प्रश्न मिटतो.

दुरुस्ती खरी की योगायोगाची

पूलचे तीन आकडे सतत नोंदवले जावेत: वापरात किती, मोकळी किती आणि वाट पाहणारे किती. आलेखाच्या आकारावरूनच कारण ओळखता येते. गळती असेल तर वापरातील संख्या पायरीपायरीने चढते आणि रहदारी नसलेल्या वेळीही खाली येत नाही. रेंगाळणे असेल तर ती रहदारीबरोबर किंवा बाहेरच्या सेवेच्या मंदपणाबरोबर चढते आणि उतरते. स्वतःचीच वाट पाहणे असेल तर ती एका झटक्यात कमाल मर्यादेवर जाऊन सपाट होते. दुरुस्तीनंतर सर्वांत कमी रहदारीच्या वेळी वापरातील संख्या शून्यावर येते का, एवढेच पाहिले तरी गळतीबाबत खात्री होते.

चाचणीच्या वातावरणात पूलचा आकार कायमचा एक ठेवावा आणि कनेक्शन मिळवण्याची कालमर्यादा दोन-तीन सेकंदांवर आणावी. असे केल्यास गळती असलेला मार्ग एकदा चालला की पुढचीच चाचणी नापास होते, आणि एका कामात दोन कनेक्शने मागणारा कोड पहिल्याच फेरीत अडकतो. काही चौकटींना समांतर चाचण्यांसाठी एकाहून अधिक कनेक्शने लागतात. तेथे प्रत्येक चाचणी-प्रोसेसला स्वतःचा एकाचा पूल द्यावा, सामाईक मोठा पूल देऊ नये.